वडील: अज्ञात

[दृश्य: ब्रसेल्स शहर, हिवाळ्यातली सकाळ. न्यायालयाच्या पायऱ्या.]

2 डिसेंबर 2024. ब्रसेल्सच्या अपील न्यायालयानं या दिवशी पाच बायकांच्या बाजूनं निकाल दिला. पाचही जणी सत्तरी ओलांडलेल्या, जन्म बेल्जियन काँगोतला. आई काँगोली, वडील गोरे युरोपीय. सात वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तेव्हा बेल्जियन राज्यानं त्यांना आयांपासून तोडून नेलं होतं. ते कृत्य मानवतेविरुद्धचा गुन्हा होता, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आणि प्रत्येकीला 50,000 युरो भरपाई देण्याचा आदेश दिला.

पैशांची रक्कम बातमीत मोठ्या अक्षरांत छापून आली. पण या बायका न्यायालयात गेल्या होत्या त्या आणखी एका गोष्टीसाठी. आपण कोणाच्या, हे कागदावर कधी नीट लिहिलंच गेलं नाही, आणि ते राज्यानं जाणूनबुजून होऊ दिलं, हे कोणीतरी अधिकारानं मान्य करावं, यासाठी.

[दृश्य: आफ्रिकेचा नकाशा. काँगो नदी, दक्षिणेकडे कासाई प्रांत.]

काँगो 1885 पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. 1908 मध्ये तो बेल्जियमची वसाहत झाला आणि 30 जून 1960 ला स्वतंत्र. या सगळ्या काळात युरोपातून अधिकारी, व्यापारी, मळेवाले, खाणींवरचे साहेब तिथे जात राहिले. बहुतेक एकटेच जात. तिथल्या बायकांबरोबर राहत, त्यांना मुलं होत. या मुलांना फ्रेंचमध्ये ‘मेतिस’ म्हणत.

वसाहतीच्या सरकारला या मुलांची भीती वाटे. गोरा वर, काळा खाली, या एका रेघेवर सगळा कारभार उभा होता, आणि हे मूल नेमकं त्या रेघेवर जन्माला आलेलं. आणखी एक धसका होता. कॅनडात 1885 साली लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मेतिस समाजानं सरकारविरुद्ध उठाव केला होता. तसंच काँगोत झालं तर, ही शंका बेल्जियन अधिकाऱ्यांच्या लिखाणात वारंवार डोकावते. दोन-तीन वर्षांच्या पोरीत त्यांना उद्याचा बंडखोर दिसत होता.

मग मार्ग काढला गेला तो कायद्याचा. लिओपोल्डच्या राजवटीत, 1890 मध्ये एक फर्मान निघालं होतं: अनाथ आणि सोडून दिलेल्या मुलांचं पालकत्व राज्याकडे. ऐकायला दयाळू. पण ‘सोडून दिलेलं’ कोणाला म्हणायचं, हे ठरवणार सरकारी अधिकारी. गोऱ्या बापानं मुलाला कायदेशीर मान्यता दिली नसेल, तर मूल बेवारस. आई शेजारी उभी असली तरी बेवारस. तिनं त्याला पाठीशी बांधून शेतात नेलं, अंगाई म्हटली, ताप आल्यावर रात्र जागवली, यातलं काहीही कायद्याच्या हिशेबात धरलं जात नव्हतं.

[दृश्य: जुनं छायाचित्र. मिशनची लांबलचक इमारत, समोर रांगेत मुली.]

या पाच जणींना नेलं ते 1948 ते 1953 या वर्षांत. गावात सरकारी माणूस येई. मूल मिशनमध्ये पोहोचवा, असा हुकूम. नाही म्हटलं तर घरच्या पुरुषांना ‘फोर्स प्युब्लिक’ या वसाहतीच्या सैन्यात ओढून नेऊ, ही धमकी. मग घरातलंच कोणीतरी, मामा किंवा काका, त्या लेकराला घेऊन निघे. ज्याचा हात धरून चालायचं तोच परक्या दारात सोडून परत फिरणार, हे चार वर्षांच्या मुलीला कसं कळावं? आणि त्या मामानं तरी घरी जाऊन बहिणीला काय सांगावं?

ते दार होतं कासाईतल्या कातेन्दे इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मिशनचं. गावापासून कित्येक किलोमीटर लांब. तिथे मुलींना ऐकवलं जाई, तुम्ही पापाची लेकरं. अंगभर कपडे नाहीत, खायला पोटभर नाही.

आणि नोंदवही. वडिलांच्या रकान्यात: अज्ञात.

इथे थोडं थांबू या. कित्येकदा बाप कोण, हे गावाला ठाऊक असे. अधिकाऱ्याला ठाऊक असे, कारण त्याचा तो सहकारी. त्याच्याच अहवालात ‘अमक्या साहेबाची मुलगी’ असा उल्लेख असे, आणि त्याच मुलीच्या नोंदीत बाप अज्ञात. काहींची नावं बदलली गेली, जन्मतारखा बदलल्या. मोठेपणी ही माणसं आपली मुळं शोधायला निघाली तेव्हा त्यांना कळलं की आपल्या नावानं कुठे काही सापडतच नाही. आपल्याकडे बापाचं नाव लावणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायला नको. शाळेचा दाखला असो की सातबारा, मधलं नाव विचारलं जातंच. या मुलींचं ते नाव ज्यांना माहीत होतं, त्यांनीच ते लिहिलं नाही.

या खोटेपणाची मुळं फ्रान्सच्या जुन्या कायद्यात सापडतात. 1804 ची नेपोलियनची नागरी संहिता. तिच्या 340 व्या कलमाचा आशय एवढाच: पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई आहे. अपहरणासारखा अपवाद सोडता, लग्नाशिवाय झालेल्या मुलानं किंवा त्याच्या आईनं ‘हा बाप’ म्हणून न्यायालयात बोट दाखवायचं नाही. घराण्याची अब्रू आणि इस्टेट दोन्ही सुरक्षित. फ्रान्समध्ये ही मनाई 1912 पर्यंत टिकली. बेल्जियम स्वतंत्र झाला 1830 मध्ये, पण संहिता तीच चालू ठेवून.

आणि गोऱ्या आयांची तरी सुटका होती का? पाउला मार्क्स या बेल्जियन पत्रकार. 1973 मध्ये त्यांना मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. विवाहित बाईचं मूल जन्मतःच तिचं. अविवाहित बाईला मात्र स्वतःच्या पोटच्या मुलीला रीतसर ‘मान्यता’ द्यावी लागे. ती दिल्यावरही मुलीचं आजीशी, मावशीशी कायद्यानं नातं नाही. मार्क्स यांनी राज्याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि मधल्या काळात आपल्याच मुलीला दत्तकही घेतलं. 13 जून 1979 ला तिथे त्या जिंकल्या. बेल्जियमनं कायदा बदलला तो 1987 मध्ये. दोन्ही प्रकरणांत फरक प्रचंड आहे: मार्क्स यांची मुलगी त्यांच्या कुशीतच राहिली. कातेन्देच्या आयांपुढे कसलाही अर्ज, कसलंही न्यायालय नव्हतं.

[दृश्य: 1960. काँगोच्या स्वातंत्र्याचा जल्लोष, मग लष्करी ट्रक.]

स्वातंत्र्यानंतर कासाईत यादवी पेटली. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या आल्या, जोगिणींना सुखरूप घेऊन गेल्या. मुली मागे राहिल्या. सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात. त्या दिवसांत त्यांनी जे भोगलं ते त्यांनी न्यायालयात सांगितलं आहे. ते इथे तपशिलात दाखवायची आम्हाला गरज वाटत नाही. राज्यानं ज्यांचं पालकत्व स्वतःकडे घेतलं होतं, त्यांना नेण्यासाठी एक गाडी निघाली नाही.

शेजारच्या, बेल्जियमच्याच ताब्यातल्या रुआंडात सावे इथल्या मिशनमधल्या मुलांचं वेगळं झालं. त्यांना स्वातंत्र्याच्या सुमारास विमानानं बेल्जियमला नेलं, वेगवेगळ्या घरांत, अनाथालयांत वाटून दिलं. सख्खी भावंडंही वेगळी झाली.

[दृश्य: बेल्जियमची संसद.]

29 मार्च 2018 ला बेल्जियमच्या संसदेनं या मुलांविषयीचा ठराव एकमतानं केला. 4 एप्रिल 2019 ला पंतप्रधान शार्ल मिशेल यांनी देशाच्या वतीनं माफी मागितली. प्रेक्षक सज्ज्यात ती मुलं बसली होती, आता पांढऱ्या केसांची. पण माफीबरोबर भरपाई आली नाही. म्हणून पाच जणींनी खटला भरला. 2021 मध्ये खालच्या न्यायालयात त्या हरल्या: त्या काळी हा गुन्हा मानला जात नव्हता, असं सांगण्यात आलं.

अपील न्यायालयानं हाच मुद्दा उलटवला. न्युरेंबर्गमधल्या नाझी नेत्यांवरच्या खटल्यानंतर, 11 डिसेंबर 1946 लाच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची तत्त्वं मान्य केली होती. मुलींना नेलं ते त्यानंतर. म्हणजे जगाला कळलं होतं, बेल्जियमलाही. आणि अशा गुन्ह्याला मुदत नसते, त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही दाद मागता येते. काळी आई आणि गोरा बाप, या एकाच कारणानं मुलं हुडकून पळवण्याची ती योजनाबद्ध मोहीम होती, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

हा निकाल पाच जणींपुरता आहे. अशी मुलं हजारोंनी होती. राजे फिलिप यांनी 2020 मध्ये आणि 2022 मध्ये काँगोची राजधानी किन्शासात खेद व्यक्त केला, माफी मात्र मागितली नाही. वसाहतकाळाची चौकशी करणारी संसदीय समिती डिसेंबर 2022 मध्ये माफीच्या शब्दावरच अडली आणि विसर्जित झाली; माफी मागितली तर भरपाईचे दावे येतील, ही धास्ती होती. बेल्जियमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आता या मुलांच्या फायली एकेक करून तपासल्या जात आहेत. अर्ज करणाऱ्याला आईचं नाव, गावाचं नाव, कधी वडिलांचं नाव मिळतं. अर्जदारांत आता नातवंडंही आहेत.