गादी मऊ की कडक, हे विचारू नका

(नेरूळमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांनी जरा पुढे या, तिथे पंख्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. आपल्या अध्यक्षांनी मला विचारलं, "गादीवर तासभर काय बोलणार तुम्ही?" मी म्हटलं, पाऊण तास द्या. तेवढ्यात निम्मे लोक पेंगले तर विषय पोचला असं समजू.

रबाळ्याच्या एमआयडीसीत हातमोज्यांचा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली. रबराचा चीक, म्हणजेच लेटेक्स, आणि त्याचा तो अमोनियाचा वास, हे माझं रोजचं जगणं. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "आई, तुझी कंबर धरतेय, आता लेटेक्सची गादी घे," तेव्हा मला वाटलं, यात मला कोण शिकवणार? आणि पहिल्याच गादीला मी सपशेल फसले. दुकानदाराने विचारलं, "मऊ दाखवू की कडक?" मी लगेच म्हटलं, "कडक. कंबर दुखते माझी." तिथेच चुकलं.

आपल्या पिढीला हे बाळकडूच आहे. कंबर दुखली की जमिनीवर सतरंजी टाकून झोप, नाहीतर गादीखाली फळी घाल. २००३ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक घेतले. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी बघितलं तर मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. हा अभ्यास कडकपणाचा होता, लेटेक्सचा नव्हे, हे लक्षात असू द्या. एखादा विक्रेता तो भलत्याच गोष्टीचा पुरावा म्हणून तुमच्यापुढे नाचवेल.

मग मऊ घ्यायची का? तेही नाही. 'मऊ' आणि 'कडक' या दोन शब्दांत आपण दोन वेगळी कामं कोंबतो. पहिलं काम दबण्याचं: कुशीवर झोपलात की खांदा आणि खुबा आत गेला पाहिजे, नाहीतर सगळा भार त्या दोन हाडांवर. दुसरं काम धरण्याचं: जड भाग थोडा आत गेल्यावर तिथेच थांबला पाहिजे, नाहीतर कंबर झोळीत पडल्यासारखी लोंबते. चांगली गादी वरून दबते आणि खालून धरते. प्रयोगशाळेत हे मोजतात. गोल चकतीने फोम दाबायचा. एक चतुर्थांश दबायला किती जोर लागला तो एक आकडा, आणि ६५ टक्के दबायला किती लागला तो दुसरा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. साध्या फोममध्ये उत्तर दोनच्या आसपास येतं, लेटेक्समध्ये त्याहून चांगलंच जास्त. म्हणजे लेटेक्स सुरुवातीला लवकर दबतं आणि पुढे झपाट्याने विरोध करायला लागतं. त्याचं सगळं कौतुक आहे ते एवढ्यासाठीच. बाकी 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे जाहिरातीचं सोडून द्या.

हा गुण येतो कुठून, ते थोडं सांगते, कारण फसवणूक ओळखायला ते उपयोगी पडतं. आपल्याकडे बहुतेक रबर केरळचं. रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टयमलाच आहे. झाडाची साल पहाटे तिरकी कापतात, कारण थंड वेळी झाडात दाब जास्त असतो आणि चीक भरभर वाहतो. ऊन चढलं की धार मंदावते. त्या चिकात रबर असतं साधारण तिसरा हिस्सा, बाकी पाणीच. यंत्रात गरगर फिरवून ते ६० टक्क्यांवर आणतात. मग त्यात साबण आणि हवा घालून फेटायचं, गंधक आणि इतर चार गोष्टी घालायच्या, साच्यात ओतायचं आणि वाफेवर शिजवायचं. हसू नका, पद्धत ढोकळ्याचीच आहे! ही डनलॉप पद्धत, १९२९च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बसवलेली. साच्यात धातूच्या शेकडो पिना उभ्या असतात. लोकांना वाटतं ती भोकं हवा खेळावी म्हणून पाडलेली असतात. हवा खेळते, खरं आहे. पण मूळ कारण असं की रबर उष्णता आत जाऊ देत नाही. पिना तापल्या तरच मधला भाग शिजतो. नाहीतर बाहेरून शिजलेला, आतून कच्चा, तसा ढोकळाही आपण खाल्लेला आहे. दुसरी टॅलॅले पद्धत आहे, त्यात साच्यात निर्वात करून आधी गोठवतात आणि मग शिजवतात. ती जास्त एकसारखी आणि सहसा मऊ येते. डनलॉपमध्ये जड कण थोडे तळाशी बसतात, म्हणून एका साच्यातल्या तुकड्याची एक बाजू किंचित घट्ट असते. घरी आल्यावर उलटून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

आता फसवणूक. 'लेटेक्स गादी' म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा वर एक इंच लेटेक्स आणि खाली फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला थर असतो. 'ऑर्थो' हा शब्द खोळीवर छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. एक, चेन उघडून आत बघा. चेनच नसेल तर तिथून निघा. दुसरी, वजन विचारा. ७८ बाय ६० इंच, सहा इंच जाड अशी गादी घ्या. तिचं घनफळ साधारण ०.४६ घनमीटर. चांगल्या लेटेक्सची घनता घनमीटरला ८० किलोच्या आसपास. म्हणजे गादी झाली ३७ किलोची. साधा ३२ घनतेचा फोम असेल तर तीच गादी १५ किलोच्या आत. दुकानातला पोरगा एका हाताने उचलून खांद्यावर टाकत असेल तर ते लेटेक्स नव्हे. ही परीक्षा फुकट आहे, पण एकटी पुरत नाही: दाबलेल्या तुकड्यांचा थरही जड भरतो, म्हणून चेन उघडून बघाच. फक्त आपल्यासारख्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ते ३७ किलो वर कोण आणणार, हे आधी ठरवून घ्यावं. आणि आणताना दुमडू नका किंवा एका कडेला धरून ओढू नका. स्वतःच्याच वजनाने ती फाटते.

शक्य असेल तर दोन-तीन सुट्या थरांची गादी घ्या, एकाच खोळीत. खाली घट्ट, वर मऊ. नाही जमलं तर घरी थर बदलता येतात. माझी दुसरी गादी अशी आहे. आमचे हे ऐंशी किलोचे, मी पंचावन्नची. जे त्यांना दबतं ते मला फळीसारखं. म्हणून ७२ इंचांऐवजी ३६-३६च्या दोन घेतल्या, एकाच मोठ्या चादरीखाली. संसाराला काही झालं नाही.

दुकानात किती वेळ आडवं व्हायचं? पंधरा मिनिटं, चप्पल काढून, आणि ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर. लाज वाटते, मला माहीत आहे. बरोबर कुणाला तरी न्या. कुशीवर असताना मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसते का, हे तुम्हाला दिसत नाही. मागे उभ्या माणसाला दिसतं. उताणं झोपल्यावर कमरेखाली हात घालून बघा. आरपार सहज गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, घुसवावा लागला तर फार मऊ. पालथे झोपणाऱ्यांना जास्त घट्ट लागते, पण या वयात मान वळवून पालथं झोपणं सोडता आलं तर बघा.

आता घर. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांचे बॉक्स बेड, आत गोधड्या, पाहुण्यांची अंथरुणं आणि दिवाळीचे कंदील. वर सलग प्लायवूड. नेरूळची हवा तुम्ही जाणता. खाडी इथून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा पांढरे पडतात. रात्री अंगाची वाफ गादीत उतरते, खाली प्लायला अडते, आणि तिथे बुरशी धरते. माझ्या पहिल्या गादीला ऑगस्टमध्ये खालून काळे ठिपके आले. सुताराला बोलावून प्लायला भोकं पाडून घ्या, किंवा पट्ट्यांचा पलंग असेल तर पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर लेटेक्स त्या फटींत उतरतं. महिन्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून दोन तास उभी करा, पंख्याखाली.

पंख्याखाली म्हटलं, उन्हात नाही! हे तुम्हाला पटायला जड जाईल. कापसाच्या गाद्या आपण आयुष्यभर गच्चीत वाळवल्या. पिंजारी यायचा, त्याच्या पिंजणाचा तो टणटण आवाज, आणि गादी परत पुरीसारखी फुगायची. लेटेक्सचं उलट आहे. ऊन आणि हवेतला ओझोन हे रबराचे शत्रू. माझ्या सासूबाईंनी माझी लेटेक्सची उशी प्रेमाने बाल्कनीत ठेवली, तीही अख्खा मे महिना. वरून पिवळी पडली आणि बोट लावलं की पापडासारखी खपली निघायला लागली. सव्वीस वर्षं मी रबर उन्हाने कसं तडकतं यावर अहवाल लिहिले होते, आणि ते घरात सांगायचं मात्र राहिलं.

पलंगाची उंची कुणी मोजत नाही. जुना पलंग अठरा इंच, त्यावर चार इंचांची कापसाची गादी होती. आता आठ इंचांची लेटेक्स आली. कडेवर बसल्यावर पाय लोंबकळतात. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला हे बरं नव्हे. कडेवर बसा, तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. नसेल येत तर पलंगाचे पाय कापून घ्या. छोटंसं सुतारकाम आहे, पण खुब्याचं हाड वाचवेल.

चादर फार ताणून घालू नका. जाड रबरी प्रोटेक्टर आणि वर ताणलेली चादर म्हणजे तबल्याची पुडी झाली. आतली गादी कितीही चांगली असू दे, तुम्ही त्या पुडीवर झोपताय. प्रोटेक्टर हवाच असेल तर पातळ, ताणला जाणारा घ्या. आणि उशी! कापसाच्या घट्ट गादीवर खांदा वर राहायचा, म्हणून उशी जाड लागायची. आता खांदा आत गेला, उशी तेवढीच राहिली, मान वाकडी झाली. लोक म्हणतात गादी बाधली. गादी नाही बाधली, उशी बाधली. नवी उशी विकत घेण्याआधी टॉवेलच्या घड्या करून बघा. एक घडी, दोन घड्या, तीन. तीन-चार रात्रींत तुमची उंची सापडेल.

पहिले काही दिवस अंग आंबल्यासारखं वाटतं. साठ वर्षं एका पद्धतीने झोपलेले स्नायू आहेत ते, त्यांना वेळ द्या. तीन-चार आठवडे धरा, आणि तोपर्यंत जुनी गादी भंगारवाल्याला देऊ नका. आधी दुपारची वामकुक्षी नव्या गादीवर, मग एक दिवसाआड रात्र, असंही चालतं. सकाळचा ताठरपणा चहा होईपर्यंत गेला आणि दर आठवड्याला कमी होत गेला तर गादी जमतेय. हाताला मुंग्या येत असतील, खुबा दुखून मध्यरात्री जाग येत असेल आणि तीन आठवड्यांनीही उतार नसेल, तर थर बदला किंवा परत करा. परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि कुठल्याही गादीवर रात्री दुखतंच, किंवा दुखणं पायात उतरतं, तर दुकानात नका जाऊ, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न घेते. हो, मावशी विचारतायत की रबराच्या वासाने त्रास होतो का. नव्या गादीला गोडसर वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की आठ-दहा दिवसांत उतरतो. ॲलर्जी हा वेगळा प्रश्न. चिकात प्रथिनं असतात. गादी धुऊन शिजवल्यावर ती पुष्कळ कमी होतात, तरी ज्यांना हातमोजे किंवा फुगे यांनी खाज येते, गांधी उठतात, किंवा केळं, किवी खाल्ल्यावर तोंड चुळचुळतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इथे कुणी निवृत्त परिचारिका असतील तर त्यांनी खास. आमच्या कारखान्यात अशा दोन मुलींना दुसऱ्या विभागात हलवावं लागलं होतं.

काका, तुमचा प्रश्न? कापसाची गादी टाकून द्यावी का? मुळीच नाही. तुम्हाला तिच्यावर झोप लागत असेल आणि सकाळी अंग मोकळं असेल, तर कुणाच्या लेकीचं ऐकू नका. फक्त मध्ये खड्डा पडला असेल तर कापूस पिंजून घ्या. कुर्ल्याचा माणूस येतो आमच्या सेक्टरमध्ये, हल्ली पिंजण नाही, मशीन घेऊन येतो टेम्पोत. नंबर नाही माझ्याकडे. तो सकाळी नऊच्या सुमाराला ओरडत जातो, गॅलरीत उभं राहावं लागतं.