एका सेंटची बँक, आणि पैसा कुठून येणार?

नमस्कार मंडळी. आज बोलूया १९९० च्या दशकात निघालेल्या, शाखाच नसलेल्या इंटरनेट बँकांबद्दल. सुरुवात दोन आकड्यांपासून. १ डॉलर ७ सेंट. आणि १ सेंट.

(स्क्रीनवर दोन्ही आकडे)

१९९६ मध्ये बूझ ॲलन अँड हॅमिल्टन या अमेरिकन सल्लागार कंपनीने हिशेब मांडला. ग्राहक शाखेत आला, काउंटरवर काम करून गेला, तर बँकेला खर्च १ डॉलर ७ सेंट. एटीएमवर २७ सेंट. इंटरनेटवर? एक सेंट! झालं, हा आकडा जिथे तिथे मिरवला जायला लागला. शाखा नाही, भाडं नाही, कॅशियर नाही, म्हणजे नफाच नफा.

मग बाजारातली जुनी खोडं या इंटरनेट बँकांकडे बघून नाक का मुरडत होती? इंटरनेट कळत नव्हतं म्हणून? तसं नव्हतं हो. बँकेचा धंदा त्यांना नीट कळत होता.

बँक कमावते कशावर? आपण ठेव ठेवतो त्यावर ती व्याज देते, तोच पैसा कर्जाने देऊन जास्त व्याज घेते. मधला फरक तिचा. व्यवहार स्वस्तात झाला हे चांगलंच, पण त्याने हा फरक तयार होत नाही.

आता इंग्लंडला चला. ऑक्टोबर १९९८. प्रुडेन्शियल या जुन्या विमा कंपनीने फोन आणि इंटरनेटवर चालणारी एक बँक काढली, नाव एग. हो, अंडं! ठेवीवर व्याज ८ टक्के. त्याच महिन्यात बँक ऑफ इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर होता ७.२५ टक्के.

(वहीवर लिहून दाखवत) हे बघा. शंभर पौंड ठेव घेतली, वर्षाचं व्याज द्यायचं आठ पौंड. तेच शंभर पौंड सुरक्षित जागी गुंतवले तर येणार साधारण सव्वासात. म्हणजे पाऊण पौंड खिशातून गेला. यात वेबसाइट, कॉल सेंटर, टीव्हीवरच्या जाहिराती अजून धरल्याच नाहीत.

लोकांच्या उड्या पडल्या. पाच वर्षांत गोळा करायच्या ५ अब्ज पौंडांच्या ठेवी वर्षाच्या आत आल्या. घरी पेढे वाटावेत अशी बातमी, आणि हिशेबाच्या वहीत मात्र जितक्या ठेवी जास्त तितका खड्डा मोठा.

शिवाय हा ग्राहक टिकतो का? आमच्या आजोबांना पलीकडची पतपेढी अर्धा टक्का जास्त देते असं कळलं, की संध्याकाळच्या आत ठेव तिकडे. तिथे निदान चालत तरी जावं लागायचं, इथे माउसच्या एका क्लिकचं काम.

एग सावरली ती ग्राहकांना क्रेडिट कार्ड आणि कर्जं देऊन. पहिली नफ्याची तिमाही उजाडली २००१ च्या अखेरीस. अमेरिकेत ‘बँक वन’ नावाच्या बँकेने १९९९ मध्ये विंगस्पॅन नावाची वेगळी ऑनलाइन बँक काढली होती, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. दोनच वर्षांत ती मूळ बँकेत गुंडाळायची वेळ आली.

आणखी एक अडचण, छोटी पण रोजची. तेव्हा अमेरिकेत बरेच पगार कागदी चेकने व्हायचे. शाखाच नाही तर चेक भरणार कुठे? पाकिटात घालून, तिकीट लावून, पोस्टाने पाठवायचा! मग लोक काय करायचे, कोपऱ्यावरच्या बँकेतलं खातं चालूच ठेवायचे. पगार तिकडे, गृहकर्ज तिकडे, इकडे नुसती जास्त व्याजाची ठेव.

आणि आता माझा आवडता किस्सा. सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक, ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू झालेली, निव्वळ इंटरनेटवर चालणाऱ्या बँकांमधली पहिली. मे १९९६ मध्ये शेअर आला २० डॉलरला, पहिल्याच दिवशी दुप्पट. लोकांना वाटलं आपण बँक विकत घेतोय. पण मालकांच्या हातात दुसरीही एक चीज होती: ही बँक ज्यावर चालायची ते सॉफ्टवेअर, जे बाकीच्या बँकांनाही हवं होतं.

१९९८ मध्ये त्यांनी दोनातलं एक रॉयल बँक ऑफ कॅनडाला विकून टाकलं. विकली ती बँक. सॉफ्टवेअर ठेवलं स्वतःकडे.