वचन प्रोग्रॅमला दिलंय, मोडला नाही

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत आणि समोर माणसं दिसली की मला बोलायला जोर येतो. विषय तुम्हाला माहितीय, जुन्या प्रोसेसर मोडमधले, म्हणजे प्रोसेसरच्या जुन्या कार्यपद्धतींसाठी लिहिलेले, प्रोग्रॅम आजच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, का चालवावेत आणि कसे. आपल्याकडे 'मोड' म्हटलं की आधी मोडणंच आठवतं, आणि या क्षेत्रात ते खरंही आहे, मोड सांभाळायला गेलं की दुसरं काहीतरी मोडतं. (हशा) हां, बरं झालं, जागे आहात.

इंटेलच्या ८०८६ चिपचं, म्हणजे रिअल मोडचं, गणित तुम्हाला पाठ आहे, मेमरीतला पत्ता म्हणजे सेगमेंट (मेमरीचा तुकडा) गुणिले सोळा अधिक ऑफसेट (त्या तुकड्यातलं अंतर), एकूण एक मेगाबाइट, १९७८ साल, त्यात जात नाही. २८६ वर मात्र एक मिनिट घेतो, कारण मला ती चिप आठवली की राहवत नाही. १९८२ ची ही चिप प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमना एकमेकांच्या मेमरीपासून अडवणाऱ्या मोडमध्ये, जायची पण रिअल मोडमध्ये परत यायची वाटच नव्हती, परत यायचं तर प्रोसेसर रीसेट करायचा, आणि पीसी एटीमध्ये तो रीसेट द्यायचा कोण तर कीबोर्ड कंट्रोलर! सीमॉस या बॅटरीवरच्या छोट्या मेमरीत एक बाइट लिहून ठेवायचा, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, उठलं की तो बघायचं आणि पहिल्यापासून बूट करण्याऐवजी ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायचं. ज्यांनी हे सुचवलं आणि चालवून दाखवलं त्यांना माझा नमस्कार आहे, कारण त्यांनी वापरणाऱ्याला एकदाही म्हटलं नाही की तुझा प्रोग्रॅम जुना झाला, टाकून दे.

मग १९८५ ला ३८६ आली आणि तिच्यात व्हर्च्युअल ८०८६ मोड आला, प्रोटेक्टेड मोडमध्ये राहूनच प्रोग्रॅमला ८०८६ चा भास देणारा, फ्लॅग रजिस्टरमधला सतरा नंबरचा बिट. हे जरा जवळून बघा, फार सुंदर आहे. डॉसचा प्रोग्रॅम मशीन आपल्याच मालकीचं आहे असं समजून इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरच्या मधूनमधून येणाऱ्या हाका, बंद करायची सूचना देतो, सीएलआय, एकच बाइट, हेक्समध्ये एफए. प्रोसेसर ती पाळत नाही, फॉल्ट देऊन कर्नलला उठवतो. कर्नल तो बाइट वाचतो, 'अच्छा, एफए आहे', या प्रोग्रॅमपुरता ठेवलेला खोटा इंटरप्ट फ्लॅग खाली करतो, इन्स्ट्रक्शन पॉइंटर एक बाइट पुढे सरकवतो आणि प्रोग्रॅमला सोडून देतो. प्रोग्रॅमला वाटतं इंटरप्ट बंद झाले, बाकीची सिस्टिम चालूच. लिनक्सचा व्हीएम८६ सिस्कॉल (सिस्कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) मुळात हेच, आणि विंडोज एनटीच्या डॉस मशीनच्या पोटातही हेच.

पण कर्नलमध्ये असं बाइट वाचून निर्णय घेणारं कोड ठेवलं की काय होतं तेही सांगायला हवं. जानेवारी २०१० मध्ये सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी एनटीच्या याच फॉल्ट हँडलरमधला एक दोष जाहीर केला, साध्या युजरला थेट कर्नलचे अधिकार मिळत होते. दोष होता १९९३ च्या पहिल्या एनटीपासून, म्हणजे सतरा वर्षं. शिवाय या मोडला शून्य पत्त्यावरचं पान लागतं, कारण इंटरप्ट व्हेक्टर टेबल, म्हणजे कोणत्या इंटरप्टला कुठं जायचं याची यादी, तिथंच बसतं, पहिले १०२४ बाइट, आणि युजरला तेच पान मॅप करू दिलं की कर्नलमधली प्रत्येक नल पॉइंटरची चूक, म्हणजे चुकून शून्य पत्ता वापरणं, हल्लेखोराच्या हातात जाते. जुनी सोय आणि नवी सुरक्षितता यांचं भांडण हे असं एकेका पानावरचं असतं.

आता माझी गोष्ट. मला मोह आवरत नाही, आणि आयोजकांनी घड्याळाकडे बघू नये ही विनंती. २०१४ साली माझ्याकडे एका मोजमापाच्या यंत्राचा सोळा बिटचा विंडोज प्रोग्रॅम होता, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर चालवायचो, जुन्या सगळ्या नोंदी त्याच्याच फॉरमॅटमध्ये होत्या, सोर्स कोड नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. एके दिवशी कर्नल अपडेट केलं आणि प्रोग्रॅम उघडेना. दोन रात्री मी डिस्कवर संशय घेतला, फाइली तपासल्या, वाइन पुन्हा बिल्ड केलं. शेवटी सिस्कॉलची यादी दाखवणारा एसट्रेस लावला तेव्हा एक ओळ दिसली: मॉडिफाय एलडीटी हा प्रोग्रॅमचे सेगमेंट ठरवणारा सिस्कॉल 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परत येत होता. सोळा बिटचा सेगमेंट मागितला की ६४ बिट कर्नल सरळ नाही म्हणत होतं. ज्यांना विचारलं त्यातले बरेच म्हणाले, आता सोळा बिट कोण वापरतं. मी वापरतो ना! समोर उभा आहे की! हे वाक्य मला आजही लागतं.

पण कर्नलवाल्यांनी ते उगाच बंद केलेलं नव्हतं, आणि कारण कळल्यावर माझा राग पार उतरला. प्रोग्रॅमचा स्टॅक सेगमेंट, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची जागा, सोळा बिटचा असेल तर इंटरप्टहून परतताना आयरेट ही सूचना स्टॅक पॉइंटरचे, म्हणजे त्या जागेच्या चालू पत्त्याचे, फक्त खालचे सोळा बिट भरते, वरचे सोळा जसेच्या तसे राहतात, आणि ते असतात कर्नलच्या स्टॅक पॉइंटरचे. म्हणजे प्रत्येक इंटरप्टला कर्नलच्या पत्त्याचा एक तुकडा युजरच्या रजिस्टरमध्ये सांडतोय. ३२ बिट कर्नलमध्ये सेगमेंटचा बेस, म्हणजे सुरुवातीचा पत्ता, सरकवून हे आधीच झाकलेलं होतं, ६४ बिटमध्ये स्टॅक सेगमेंटचा बेस प्रोसेसर बघतच नाही, त्यामुळे ती युक्ती बाद. म्हणून आधी बंदी आली.

आणि मग लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या एच. पीटर ॲनव्हिन यांनी जे केलं ते ऐका. त्यांनी प्रत्येक सीपीयूला ६४ बाइटचा एक छोटा स्टॅक दिला आणि तोच स्टॅक ६४ किलोबाइटच्या अंतराने ६५,५३६ ठिकाणी मॅप केला. जागा एकच, पत्ते पासष्ट हजार! युजरचे वरचे सोळा बिट जे असतील तेच बिट असलेला पत्ता निवडायचा, तिथून आयरेट करायचं, म्हणजे जे 'सांडतं' ते युजरचंच असतं. वर ही मॅपिंग फक्त वाचण्यापुरती. तिथं आयरेट फसलं तर प्रोसेसर स्टॅकवर लिहायला जातो, लिहिता येत नाही, डबल फॉल्ट होतो, आणि कर्नल तो ओळखून साधा फॉल्ट असल्यासारखा युजरकडे पोचवतो. ईएसपीफिक्स६४ म्हणतात याला, कर्नल ३.१६. माझा प्रोग्रॅम उघडला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

काय? दहाच मिनिटं? बरं, मग मुद्द्याचं भरभर सांगतो, खरं तर यासाठीच आलो होतो.

माझं म्हणणं असं की लिनक्सने जे वचन दिलंय, की युजरचा चालणारा प्रोग्रॅम आम्ही बंद पाडणार नाही, ते प्रोग्रॅमला दिलंय, अमुक एका मोडला नाही. मोडची सोय कुठं करायची ते बदलू शकतं. रिअल मोडचंच बघा, २००३ साली एएमडीच्या ऑप्टेरॉन चिपबरोबर लाँग मोड, म्हणजे ६४ बिटचा मोड, आला आणि त्यात व्हर्च्युअल ८०८६ राहिलाच नाही. तरी डॉसचे प्रोग्रॅम ६४ बिट लिनक्सवर चालतात, कारण डॉसईएमयू२ हे सॉफ्टवेअर ते काम केव्हीएमकडून, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीकडून, करून घेतं किंवा सरळ एम्युलेट करतं. म्हणून व्हीएम८६ सिस्कॉल ३२ बिट कर्नलमध्येही आता मुद्दाम सुरू करावा लागतो, ते योग्यच आहे, धोका कोपऱ्यात गेला आणि प्रोग्रॅम वाचला.

सोळा बिट प्रोटेक्टेड मोडचं मात्र तसं नाही, इथं माझं काही मित्रांशी वाजतं. वाइनमध्ये सोळा बिटचा प्रोग्रॅम त्याच प्रोसेसमधल्या ३२ बिट कोडला सारखा हाक मारत असतो, प्रत्येक हाकेला व्हर्च्युअल मशीनची भिंत ओलांडायला लावली तर हळू तर होईलच, शिवाय पॉइंटर आणि मेमरीचा सगळा गुंता नव्याने सोडवावा लागेल. तिथं कर्नलनेच आधार द्यायला हवा, आणि ओझंही कमी होत चाललंय, फ्रेड ही नवी इंटरप्ट पद्धत परतताना स्टॅक पॉइंटर पूर्ण भरते, तिथं ईएसपीफिक्सची गरज उरत नाही. इंटेलने २०२३ मध्ये रिअल मोड, रिंग १ आणि २ (अधिकाराच्या मधल्या पायऱ्या) वगैरे काढून टाकणारा एक्स८६एस हा चिपचा नवा आराखडा मांडला होता, डिसेंबर २०२४ मध्ये सोडून दिला, म्हणजे चिपमध्ये हे अजून राहणार आहे, चिपमध्ये असून कर्नलने काढलं तर ते आपणच मोडलं असं होईल.

चिठ्ठी आली, कळलं, दोनच वाक्यं. कर्नलच्या सोर्समध्ये एक्स८६ च्या सेल्फटेस्टमध्ये 'सिगरिटर्न' नावाची फाइल आहे, ती सोळा बिट स्टॅकवर परतताना रजिस्टर बिघडतात का तेच तपासते, ती आज घरी जाऊन वाचा. आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखा जुना प्रोग्रॅम आहे त्यांनी नवं रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती, आलं की तो एकदा चालवून बघा, नाही चालला तर त्याच आठवड्यात रिग्रेशन (आधी चालायचं ते बिघडलं) म्हणून कळवा, बदल अंतिम रिलीजमध्ये जायच्या आधी.