नर्स प्रॅक्टिशनर आहेत, चालेल का?

अमेरिकेतल्या एका गायनॅक क्लिनिकला लावलेला फोन स्पीकरवर आहे. पलीकडून रिसेप्शनवरची मुलगी सांगतेय की डॉक्टरांची पहिली तारीख अडीच महिन्यांनी मिळेल, पण नर्स प्रॅक्टिशनर येत्या गुरुवारी मोकळ्या आहेत, चालेल का? वहिनी फोनवर हात ठेवते आणि मला हळूच म्हणते, "अगं नर्स आहे, डॉक्टर नाही. नको म्हणून सांगते."

वहिनीचं वय 47. वर्षभर पाळीचा काही भरवसा नव्हता, कधी 20 दिवसांत यायची कधी दोन दोन महिने गायब, आणि आली की अंगावरून इतकं जायचं की रात्री उठून चादर बदलायला लागायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मला पण नाही, गाडीत असताना ती म्हणाली की हल्ली जिना चढला तरी धाप लागते आणि मग एकेक निघालं. एवढ्या मुश्किलीनं फोन लावला आणि गाडी अडली ती त्या एका शब्दावर.

मी तिचा फोन घेतला आणि गुरुवारची तारीख पक्की केली.

आपल्याकडे नर्स म्हटलं की सिस्टर आठवतात, इंजेक्शन देणाऱ्या, बीपी घेणाऱ्या, डॉक्टर राउंडला आले की फाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या. ते काम लहान नाही, अजिबात नाही. पण अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर हे वेगळं पद आहे. आधी रजिस्टर्ड नर्स व्हायचं, मग त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट करायची, नॅशनल सर्टिफिकेशनची परीक्षा द्यायची आणि राज्याचं वेगळं लायसन्स घ्यायचं. त्यानंतर त्या स्वतः तपासतात, टेस्ट सांगतात, निदान करतात, औषध लिहून देतात. याची सुरुवात 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली, लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे लहान मुलांचे डॉक्टर या दोघांनी मिळून पहिला कोर्स काढला, कारण डॉक्टर कमी पडत होते आणि मुलं तशीच राहत होती. लोरेटा फोर्ड 2025 च्या जानेवारीत गेल्या, 104 वर्षांच्या होत्या.

त्यातल्याच एका शाखेचं नाव विमेन्स हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर. पाळी सुरू होते तिथपासून पाळी जाऊन पुढची कितीतरी वर्षं, बाईच्या तब्येतीचा हा सगळा पट्टा त्यांचा. वर्षाची तपासणी, पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, ब्रेस्टची तपासणी, गर्भनिरोधक, आययूडी (आपली कॉपर-टी वगैरे) बसवणं काढणं, इन्फेक्शन, दिवस राहत नाहीत त्याची सुरुवातीची तपासणी, गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या भेटी, मेनोपॉज. ऑपरेशन त्या करत नाहीत, आणि बाळंतपण करणाऱ्या वेगळ्या, त्यांना सर्टिफाइड नर्स मिडवाइफ म्हणतात, हा घोळ खूप जणींचा होतो. गरोदर असाल तर पहिल्याच फोनवर विचारून ठेवा की डिलिव्हरी कोण करणार आणि कुठल्या हॉस्पिटलमध्ये.

आता शोधायचं कसं. सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या इन्शुरन्सच्या साइटवरची यादी, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, यादीत नाव असतं आणि बाई दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेलेल्या असतात. क्लिनिकला फोन करून विचारायचंच, आणि क्लिनिक नेटवर्कमध्ये आहे का, म्हणजे आपल्या इन्शुरन्सशी त्यांचा करार आहे का, एवढंच नाही, त्या स्वतः नेटवर्कमध्ये आहेत का हेही विचारायचं. दुसरा रस्ता म्हणजे सरकारची एनपीआय रजिस्ट्री. अमेरिकेत इन्शुरन्सला बिल लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरला, नर्स प्रॅक्टिशनरला एनपीआय नावाचा 10 आकडी नंबर असतो आणि ती यादी कुणालाही फुकट बघता येते. राज्य टाका, गाव टाका, आणि कामाच्या प्रकारात नर्स प्रॅक्टिशनर, विमेन्स हेल्थ. मी रात्री बसून वहिनीच्या भागातली नावं अशीच काढली. पण लक्षात घ्या, तिथला कामाचा प्रकार ज्यानं त्यानं स्वतः भरलेला असतो, म्हणून ती यादी फक्त शोधायला. खात्री करायला दोन ठिकाणं. एक, राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची साइट, तिथं लायसन्स चालू आहे का आणि काही कारवाई झालीय का ते दिसतं. दोन, नावापुढची अक्षरं. डब्ल्यूएचएनपी-बीसी असं असेल तर त्यांनी नॅशनल सर्टिफिकेशन कॉर्पोरेशनची बायकांच्या आरोग्याचीच परीक्षा दिलीय, आणि ते सर्टिफिकेट दर 3 वर्षांनी टिकवावं लागतं.

एफएनपी लिहिलेलं दिसलं तर त्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, शिक्षण सगळ्या वयाच्या पेशंटचं. त्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं गायनॅकच्याच क्लिनिकमध्ये काम करतात आणि उत्तम करतात. विचारायचं फक्त, हे काम तुम्ही किती वर्षं करताय. मला काळजी वेगळ्याच लोकांची वाटते, ते हार्मोन कोच, हार्मोन एक्सपर्ट असं नाव लावून व्हिडिओ करणारे. त्या नावामागे लायसन्स असतंच असं नाही, आणि रात्री दोनला घाम फुटून जाग आलेली बाई त्यांनाच फॉलो करते, कारण तेच समोर येतात.

राज्याराज्याचा नियमही वेगळा आहे. अर्ध्याहून जास्त राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकतात, टेक्सससारख्या राज्यात औषध लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. तुमच्या तपासणीत त्यानं फार फरक पडत नाही.

पैशाचं. बहुतेक इन्शुरन्समध्ये वर्षाची वेल वुमन तपासणी नेटवर्कमध्ये केली तर को-पे, म्हणजे आपल्या खिशातले पैसे, लागत नाही. पण त्याच भेटीत "माझं अंगावरून फार जातं" असा नवीन त्रास काढलात तर त्याचं वेगळं बिल लागू शकतं, आणि मग घरी कागद आला की बायका पुढच्या वर्षी गप्प बसतात. गप्प बसू नका, आधी विचारा. इन्शुरन्सच नसेल तर कम्युनिटी हेल्थ सेंटर असतात, आणि 1970 पासून चालू असलेल्या टायटल टेन योजनेतली क्लिनिक असतात, दोन्हीकडे उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते, आणि तिथं बऱ्याचदा नर्स प्रॅक्टिशनरच बघतात.

आणि भाषा. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

वहिनीला इंग्लिश येतं, ऑफिसपुरतं. पण "अंगावरून जातं" हे ती इंग्लिशमध्ये कधी बोललीच नाहीये. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाषा फुकट द्यायचा असतो, तसा कायदा आहे, घरचं माणूस घेऊन या असं ते सांगू शकत नाहीत. आम्ही अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागितला होता. तरी त्या दिवशी फोनवर आधी हिंदीवाले आले. वहिनी म्हणाली अंगावरून जातं, आणि ते अडखळले, त्यांना वाटलं शरीरावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटतंय. नर्स प्रॅक्टिशनरच्या कपाळावर आठी. मग त्यांनीच थांबवलं, म्हणाल्या मराठी बोलणारं माणूस मिळेपर्यंत आपण थांबू. 6-7 मिनिटं लागली. पलीकडून बाईचा आवाज आला, नमस्कार ताई, आणि वहिनीचे खांदे खाली आले. तुमचं इंग्लिश कितीही चांगलं असू दे, मराठी दुभाषा मागा, हिंदी चालेल म्हणू नका. आणि मुलांना दुभाषा करून नेऊ नका, आईच्या या गोष्टी 15 वर्षांच्या मुलानं सांगायच्या नसतात, आणि त्याच्यासमोर आई खरं बोलत नाही.

मग नर्स प्रॅक्टिशनरनी खुर्ची ओढून वहिनीच्या समोर घेतली. पॅड तासाला बदलावं लागतं का, गाठी पडतात का, केवढ्या, झोप कशी आहे, संबंधांच्या वेळी दुखतं का. शेवटच्या प्रश्नावर वहिनी माझ्याकडे बघायला लागली आणि त्यांनी लगेच मला म्हटलं, तुम्ही 10 मिनिटं बाहेर बसता का. मी बाहेर बसले. 10 ची 25 झाली.

45 च्या पुढे असं अनियमित आणि जास्त जात असेल तर पाळी जायचं वय आलं म्हणून सोडून द्यायचं नसतं, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, बायोप्सी. ती त्यांनी तिथंच केली, पुढच्या आठवड्यात, आधी सगळं दाखवून, कुठल्या क्षणी कळ येईल ते सांगून. म्हणून फोनवरच विचारून ठेवा, आययूडी आणि बायोप्सी त्या स्वतः करतात का, आणि दुखणं कमी करायला काय देतात. आययूडी बसवताना दुखण्याबद्दल पेशंटशी आधी बोला, असं 2024 मध्ये सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं सुद्धा आपल्या मार्गदर्शनात घातलंय, त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच नको. पॅप टेस्टची भीती वाटत असेल तर तेही बोला, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्यानं होतो त्या एचपीव्ही व्हायरससाठी क्लिनिकमध्ये स्वतःच सॅम्पल घ्यायची सोय 2024 मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधं आणि टेस्ट मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यानं, मान्य केलीय, सगळीकडे नसेल पण विचारायला काय जातं.

बायोप्सी स्वच्छ आली. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, आणि रक्तात लोह इतकं कमी की धाप का लागते ते तिथंच कळलं. गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेशन लागलंच तर त्याच क्लिनिकमधल्या डॉक्टरांकडे पाठवू, पण आत्ता गरज वाटत नाही असं त्या म्हणाल्या.

पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वहिनी आता लाल पेनानं लिहिते, कुठल्या दिवशी आली, किती पॅड लागले, रात्री उठावं लागलं का. तेवढंच घेऊन या म्हणून सांगितलंय.