पसरट शेंडा : नाशिकच्या गच्चीवर म्हातारा होणारा देवदार

[दृश्य : सकाळची गच्ची. हिरव्या शेडनेटखाली खोल कुंडीतला देवदार. कॅमेरा बुंध्यापासून सावकाश वर जातो.]

हा देवदाराचा बोन्साय आहे, म्हणजे कुंडीत छाटून-वळवून लहान ठेवलेलं झाड. उंची साधारण अडीच फूट. फांद्या आडव्या, एकीच्या वर दुसरी, आणि दोन फांद्यांच्या मध्ये भरपूर मोकळी हवा. खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. शेंड्याला टोक नाही, तो पसरट आहे. कुंडी झाकून नुसतं झाड पाहिलं, तर कुणीही त्याला शे-दोनशे वर्षांचं म्हणेल.

आता शेजारची कुंडी पाहा. यातही देवदारच आहे, उंचीही तितकीच. पण रोपवाटिकेतून आला तसाच ठेवलेला. खाली रुंद, वर निमुळता, शेंडा किंचित लवलेला. देखणा आहे, पण पोरसवदा आहे.

दोन्ही झाडं मावशींची. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं, आता त्या नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतात. पहिल्या झाडाला वय कुठून आलं, हे आपण त्यांच्याकडून समजून घेणार आहोत. त्यासाठी आधी डोंगरात जावं लागेल.

[दृश्य : हिमालयातलं देवदारांचं बन. धुकं.]

देवदाराचं घर पश्चिम हिमालयात, साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीच्या पट्ट्यात. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं, ते देवदारांच्याच राईत उभं आहे. उत्तराखंडात जागेश्वरला शंभराहून अधिक लहानमोठी देवळं देवदारांच्या सावलीत आहेत. चाळीस-पन्नास मीटर उंच वाढणारं हे झाड शेकडो वर्षं जगतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सातशेहून अधिक वर्षं जगलेल्या एका देवदाराचा आडवा छेद ठेवला आहे.

तरुणपणी या झाडावर शेंड्याची सत्ता असते. शेंडा वर धावतो, बाजूच्या फांद्यांना दाबून ठेवतो, आणि झाडाचा त्रिकोण होतो. नाताळच्या भेटकार्डांवर असतो, तो. पुढे उंचीची वाढ मंदावते. इतक्या वर पाणी चढवणं अवघड होतं. वारा शेंडा मोडतो, बर्फ मोडतो, कधी वीज पडते. शेंड्याची सत्ता गेली की बाजूच्या फांद्यांना मोकळीक मिळते. त्या लांबतात, जाड होतात, माथा रुंदावत जातो. दर हिवाळ्यात बर्फाचा भार येतो, त्याने खालच्या फांद्या आणखी वाकतात. ज्यांना ऊन मिळत नाही त्या वाळून गळतात, आणि तिथे मोकळी जागा तयार होते. वय दिसतं ते या मोकळ्या जागांमध्ये.

देवदार हा सीडर कुळातला, आणि त्याचा सख्खा भाऊ लेबनॉनमध्ये आहे. त्या देशाच्या आजच्या, १९४३ सालच्या ध्वजावर सीडरचं झाड आहे. त्याच्या आडव्या थरांवर नजर ठेवा, सीडर वयात आला की कसा दिसतो ते लगेच कळेल.

मात्र एक भेद इथेच करायला हवा, कारण पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. दाट जंगलातला देवदार म्हातारा झाला तरी सरळसोटच राहतो. लांबलचक उघडं खोड आणि वर थोडा पाला. डोंगराच्या उघड्या धारेवर एकटा उभा असलेला देवदार मात्र हातपाय पसरतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी ठरवायचं की आपलं झाड गर्दीत वाढलंय की एकट्याने. दोन्ही गोष्टी एका झाडात आणल्या, तर ते झाड कुठल्याच डोंगरावरचं वाटत नाही. प्रदर्शनांमध्ये अशी झाडं मी पाहिली आहेत. तंत्र निर्दोष असतं, पण झाडाला गाव नसतं.

मावशींचा देवदार एकट्याने वाढलेला आहे.

[दृश्य : दिंडोरीजवळची द्राक्षबाग. छाटलेल्या वेलींवर नवी फूट.]

कात्री मावशींच्या हातात लहानपणापासून आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. द्राक्षवेल छाटणीला घाबरत नाही. ओलांड्यावर, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड फांदीवर, बोटभर काडी ठेवून बाकी सगळं उतरवलं, तरी आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात आणि मांडव पुन्हा हिरवा होतो. देवदाराचं तसं नाही. फांदीवरचा सगळा हिरवा भाग काढला, तर मागच्या उघड्या लाकडातून फूट येईल याची खात्री नाही. बहुतेक वेळा फांदीच वाळते. म्हणून दर वेळी थोडी हिरवळ मागे ठेवायची, तिथे नवे फुटवे दिसेपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढचं कापायचं.

"वेल म्हणते, काप. देवदार म्हणतो, आधी विचार," मावशी सांगतात.

शेंड्याचं काम सर्वांत मोठं. थंडीत मुख्य शेंडा कापला. कापताना काप बाजूच्या एका फांदीच्या वर घेतला आणि त्या फांदीला तार देऊन नवा माथा केला. मग तिचीही वाढ दाबून तिच्या आसपासच्या तीन-चार बारीक फांद्या वाढू दिल्या, म्हणजे माथा एकाच टोकावर संपत नाही. जुन्या शेंड्याचा खुंट काढला नाही. तो वाळल्यावर साल उतरवली आणि धारदार पटाशीने रेषेरेषेने कोरला. बोन्सायमध्ये अशा वाळक्या भागाला जपानी शब्द आहे, जिन. देवदाराच्या लाकडात तेल असतं, त्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. याच गुणामुळे हिमाचलातली जुनी घरं दगड आणि देवदाराच्या तुळया यांचे एकाआड एक थर रचून बांधली जात. तेव्हा हा खुंट पुष्कळ काळ टिकेल. मावशींनी असा एकच ठेवला आहे. झाडभर वाळकी टोकं कोरली असती, तर बघणाऱ्याला झाडाच्या आधी कोरीवकाम दिसलं असतं.

[दृश्य : मावशींची बोटं फांदीला तार गुंडाळताना. जवळून.]

नाशिकला बर्फ पडत नाही. बर्फाचं काम इथे तारेला करावं लागतं.

तार ॲल्युमिनिअमची किंवा तापवून मऊ केलेल्या तांब्याची. द्राक्षमांडवाची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार घरात हवी तेवढी आहे, पण ती ताठ असते, सालीला खुपते, म्हणून ती वापरत नाहीत. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि वेढे साधारण ४५ अंशांत. फांदी वळवायची ती खोडातून निघते तिथेच. मधूनच वाकवली तर ती वाकवलेली दिसते, वयाने झुकलेली दिसत नाही. वरच्या फांद्या तरुण, म्हणून त्या किंचित वर. मधल्या आडव्या. खालच्यांनी सर्वांत जास्त हिवाळे सोसले, असं समजून त्या खाली. टोकं जराशी लवलेली, कारण देवदाराची टोकं निसर्गतःच लवतात. जाड फांदी तारेने ऐकत नसेल, तर तिला दोरी बांधून कुंडीच्या काठाशी ताण देतात.

देवदाराच्या फांदीत लवचीकपणा खूप आहे. आज वळवली आणि महिन्याभरात तार काढली, तर ती पुन्हा मूळच्या जागी जाते. वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ तार ठेवावी लागते. पण कोवळी साल गुळगुळीत असते, तिच्यात तार रुतली तर वळ बरीच वर्षं राहतात. म्हणून दर पंधरवड्याला सगळ्या फांद्या नजरेखालून घालायच्या. तार उलगडून काढायची नाही, तुकडे करून काढायची.

पानांचा प्रश्न वेगळाच. सीडरच्या सगळ्या जातींत देवदाराची सुई लांब, अडीच ते पाच सेंटिमीटर. सायप्रसच्या सीडरची सुई त्याच्या निम्म्याहून आखूड. त्यामुळे वीतभर उंचीचा देवदार कितीही कौशल्याने केला तरी फसतो, पाला झाडापेक्षा मोठा वाटतो. दोन फुटांच्या खाली देवदाराची बोन्साय करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि सुया कात्रीने कापून आखूड करायच्या नाहीत. कापलेली टोकं तपकिरी पडतात आणि सगळं झाड आजारी दिसतं. थंडी ओसरली की आखूड फुटव्यांतून कोवळे झुबके बाहेर येतात. त्यांची टोकं बोटांनी खुडायची. एका दिवसात सगळी नाहीत, जी पुढे आली तेवढीच.

[दृश्य : मे महिन्याची दुपार. कुंडीभोवती ओलं गोणपाट.]

नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर. हिवाळा देवदाराच्या कामी येतो. जवळच्या निफाडला तर पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा. पाल्यापेक्षा जास्त धोका मुळांना, कारण कुंडी तापते. म्हणून पसरट ट्रे न वापरता खोल कुंडी, ती विटांवर ठेवलेली, भोवती ओलं गोणपाट आणि दुपारी शेडनेट.

पावसाळ्यात उलटं संकट. साचलेलं पाणी देवदाराला मुळीच चालत नाही. आपली काळी माती द्राक्षाला चालते, या कुंडीत मात्र ती नको. ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते. मावशी चाळलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि जाड वाळू घेतात, त्यात थोडं कुजलेलं पानखत. कुंडी बदलायची ती तीन-चार वर्षांनी, फूट हलण्याआधी, जानेवारीच्या शेवटी. मुळं धुऊन उघडी करायची नाहीत. त्यांच्याभोवती पांढऱ्या बुरशीचे धागे असतात, ते झाडाला पाणी आणि अन्न मिळवून देतात. जुन्या मातीतली थोडी माती त्या धाग्यांसकट नव्या कुंडीत जाते. तरीही मुळांना धक्का बसला की देवदार सुया गाळतो. घाबरून भरमसाठ पाणी घातलं, तर झाड खरंच जातं. सावलीत ठेवायचं, माती ओलसर राहील एवढंच पाणी द्यायचं, खत बंद.

एवढी राखण जमणार नसेल, तर वड घ्यावा. पंचवटीच्या गावाला वडाची वानवा नाही. वड उन्हाला हसत सामोरा जातो, कुठेही कापला तरी फुटतो. सुरुवात वडाने करावी आणि हात बसला की देवदाराकडे यावं, असं मला मनापासून वाटतं. देवदाराचं रोप आणायचं ते रोपवाटिकेतूनच. जंगलातलं उपटून आणलेलं झाड बोन्साय म्हणून कितीही गाजलं, तरी त्याचं कौतुक करू नये.

[दृश्य : मावशी आणि भाचा झाडासमोर बसलेले. भाच्याच्या हातात कात्री.]

"मावशी, डावीकडची ही खालची फांदी काढायची का? मधली सगळी जागा भरून टाकतेय ती."

"भरतेय खरी. पण बुंधा बघ. उजवीपेक्षा डावीकडे भरलाय की नाही?"

"हो."

"तिच्यामुळेच. तिला अजून दोन पावसाळे राहू दे."

फांदी जितकी वाढते, तितकं तिच्याखालचं खोड जाड होतं. मोठ्या झाडाचा बुंधा खाली रुंद आणि वर निमुळता असतो. कुंडीत तो तसा आणायचा तर खालच्या एखाद्या फांदीला मोकळं सोडावं लागतं, झाडाचा आकार काही काळ बिघडला तरी. शेवटी ती फांदी जाणारच आहे. तोपर्यंत तिला तार नाही, तिची टोकं खुडायची नाहीत. चुकून कुणी हात लावू नये म्हणून मावशींनी तिला लाल नाडा बांधला आहे.

भाचा कात्री बाजूला ठेवतो आणि वरच्या फांद्यांकडे वळतो. तिथल्या दोन तारा रुतायला आल्या आहेत, त्या आजच काढायच्या आहेत.