चार इंचांची पट्टी

(दृश्य : अर्धं उघडं शटर. आत दोन गाड्या शेजारी शेजारी : जुनी मॉरिस मायनर आणि आजची सेदान.)

आधी ऐका.

(टक टक टक. निवेदन थांबते.)

हा फ्युएल पंप. चावी फिरवली की विजेवरचा हा एवढासा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भागाला, द्यायला लागतो. तिकडे पुरेसं भरलं की टकटक मंदावते. मग चोक ओढायचा, थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून. मग सेल्फची मूठ. होय, सेल्फलाही मूठच आहे, ओढायची. 1955 सालची मॉरिस मायनर, 803 सीसी.

(इंजिन धरतं, खोकतं, परत धरतं.)

शेजारच्या सेदानला बटण आहे. दाबलं, झालं.

(दृश्य : मायनरचं बॉनेट, वरून.)

मधोमध ही सपाट पट्टी दिसते? ती नक्षी नाही. 1947 संपत आलं होतं, गाडीचा नमुना तयार होता, पण डिझायनर अलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटत होती. त्यांनी नमुना लांबीत मधोमध कापायला लावला. दोन्ही अर्धुकं थोडी थोडी दूर सरकवत नेली, आणि नजरेला पटलं तिथे थांबवली. अंतर भरलं चार इंच. 1948 मध्ये गाडी लोकांपुढे आली ती ही पट्टी घेऊनच.

सेदानचा आकार संगणक आणि विंड टनेल ठरवतात. त्याने पेट्रोल वाचतं, वाऱ्याचा आवाजही कमी होतो. पण बोट ठेवून दाखवावं असं त्यात आम्हाला काही सापडलं नाही.

(दृश्य : डिस्ट्रिब्युटरची टोपी निघते. बोटं, पॉलिश पेपर.)

ठिणगी कधी पडायची, हे इथे ठरतं. हे सीबी, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, पॉइंट. आतला दांडा फिरतो, पॉइंट उघडतात, कॉइलचा करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. मधली फट जेमतेम 0.4 मिलिमीटर. वापराने पॉइंट काळे पडतात, फट बदलते, गाडी कुरकुरते. मग ते घासायचे, फटीत गेज सरकवायचं, स्क्रू आवळायचा. साधनं एका फडक्यात मावतात. मायनर बिघडते, वरचेवर बिघडते. पण कुठे दुखतंय ते सांगते.

(दृश्य : सेदानचं बॉनेट उघडतं. काळं प्लास्टिकचं झाकण.)

इथे पॉइंट नाहीत. सेन्सर मोजतात, संगणक ठरवतो. बिघाड झाला तर स्क्रीनवर पिवळा दिवा आणि स्कॅनरवर एक कोड. कोड वाचायला स्कॅनर हवा.

ब्रेक, धूर आणि अपघात यांत मात्र तुलनाच नको. सेदानला जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, एअरबॅग आहेत, धक्का स्वतः चुरगळून झेलणारा पुढचा भाग आहे. मायनरला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सीटबेल्ट नाही.

(दृश्य : रस्ता. मायनर पुढे, सेदान मागे.)

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आधी जुळवून घेणारी सोय, नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो टाकायला गेलात तर दाते करकरतात. चालवणाऱ्याचा डावा पाय बघा, आधीच तयार आहे.

(दृश्य : वळण.)

सेदानचा इंडिकेटर लुकलुकतो. मायनरच्या दाराच्या खांबातून मात्र एक छोटा हात बाहेर यायला हवा. नारिंगी, आत दिवा असलेला.

आला नाही.

(आतून खांबावर मुठीचा एक ठोसा. हात बाहेर येतो. गाडी वळते.)