तळ्यातल्या थेंबाचं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या किल्ल्याजवळचा तलाव किंवा खानापूर, निपाणीकडचं आपापल्या गावचं तळं डोळ्यांसमोर आणा. पाऊस सरतो, पाणी निवळतं आणि त्यावर हिरवट झाक चढते. आपण म्हणतो, शेवाळ धरलं. एवढ्या एका शब्दात आपण किती निरनिराळे जीव कोंबतो, याची मला हळहळ वाटते.

त्यातली एक युग्लीना. एकच पेशी, मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी, शेपटासारख्या धाग्यानं पोहणारी. ऊन असलं की झाडासारखी स्वतःचं अन्न स्वतः करते. उजेड नसला तर पाण्यात विरघळलेलं अन्न शोषून जगते. हे शाळेत शिकलो आपण. पण जेवायची रीत बदलली की तिच्या अंगातली रसायनंही बदलतात, ते शाळेत राहूनच जातं.

उजेडात वाढलेल्या युग्लीनाच्या हरितलवकांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. नाव परकं, पण वस्तू घरातली. भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो ना, त्या जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हेच असतं. आता तीच युग्लीना बरेच दिवस काळोखात, साखरेच्या पाण्यात वाढवा. हरितलवकं आक्रसतात, हिरवा रंग जातो, ते आम्ल घटतं. उलट पॅरामायलॉन नावाच्या पिठूळ साठ्याचे कण अंगात दाटतात. कधी कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. प्राणवायू तोडला, तर हाच साठा मोडून ती मेण करते! आणि परत उजेडात आणली, की साधारण 3 दिवसांत पुन्हा हिरवीगार. पेशी तीच, पण कणगीत भरलेला माल दर वेळी वेगळा.

काही जीव याच्याही पुढचे. डायनोब्रायॉनच्या पेशी एकात एक खोवलेल्या पेल्यांसारख्या वसाहतीत राहतात. त्या उन्हावर अन्न करतातच, शिवाय जिवाणूही गिळतात. दोन्ही कशाला? उन्हातून कार्बन मिळतो, फॉस्फरस नाही. जिवाणूंच्या अंगात फॉस्फरस चांगला असतो. नुसत्या उन्हावर जगणाऱ्या शेवाळाला फॉस्फरस कमी पडला, तरी ते कार्बन साठवत राहतं. फुगतं, पण निकस होतं. केवळ दुसऱ्याला खाऊन जगणारे एकपेशीय जीव मात्र अंगातलं कार्बन-फॉस्फरसचं प्रमाण बरंचसं राखतात, जादा कार्बन श्वासावाटे सोडून देतात.

याचा हिशेब पुढं पाणपिसू, म्हणजे शेवाळावर जगणारा तळ्यातला इवलासा कवचधारी जीव, चुकवते. निकस शेवाळ खाऊन तिचं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात. ओमेगा-3 आम्लं, म्हणजे जवसातल्या त्या आम्लाच्या कुळातली, तिला स्वतःला पुरेशी करता येत नाहीत, ती शेवाळातूनच यावी लागतात. पाणपिसूवर लहान मासे जगतात. म्हणून हिडकलच्या जलाशयात जाळं टाकणाऱ्या माणसानं पाणी हिरवं आहे एवढंच बघून थांबू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

घरी मुलं असतील, तर त्यांना काचेच्या बाटलीत तळ्याचं हिरवं पाणी आणून द्या. निम्म्या बाटलीला काळा कागद गुंडाळून ती खिडकीत ठेवा, कडक ऊन मात्र लागू देऊ नका. काही तासांनी कागद काढा. पाण्यात युग्लीना असेल, तर हिरवेपणा सगळा उजेडाच्या बाजूला गोळा झालेला दिसेल.